सरकी

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं मेकन शहर मागं पडलं तशी पाइनची झाडी विरळ झाली आणि फटींतून एकाएकी पांढरं दिसायला लागलं. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. लेक गाडी चालवत होती, मी शेजारी बसून डुलक्या काढत होते. अटलांटाहून सव्हाना चार तासांचा रस्ता.

"थांबव गं, कापूस आहे," मी म्हणाले.

तिथं हमरस्त्यावर मनात आलं म्हणून थांबता येत नाही. पुढच्या फाट्यावर उतरून, वळसा घालून आम्ही एका शेताच्या कडेला आलो. नजर जाईल तिथवर कापूस फुटलेला, आणि झाडांवर पान म्हणून नाही. वेचणीच्या आधी औषध फवारून पानं झाडून टाकतात, म्हणजे यंत्रात पाला जात नाही. शेताच्या एका अंगाला माणसाहून उंच, गोल, पिवळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कापसाचे गठ्ठे ओळीनं ठेवलेले. वारा होता. कावळेसुद्धा होते. माणूस मात्र एकही नाही.

आमच्या वर्धा जिल्ह्यात या दिवसांत फुटलेलं शेत असं मुकं नसतं. आठ-दहा बाया तासातासांत, म्हणजे ओळीओळींत, वाकलेल्या असतात, कुणाचं लेकरू धुऱ्यावर निजलेलं असतं, कुणाच्या तरी सुनेची चुगली चाललेली असते. मी जिनातल्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातल्या, फिटरची मुलगी, आणि भावाची थोडी शेती आहे. कापसाचं शेत आणि बायांचा आवाज माझ्या डोक्यात वेगळे नाहीतच. त्यामुळं त्या जॉर्जियाच्या शेतापुढं उभं राहून मी लेकीला विचारलं ते अगदी खुळचट होतं: "इथली माणसं कुठं गेली?"

रस्त्याकडेला वाऱ्यानं सांडलेलं एक बोंड होतं. ते उचलून पर्समध्ये टाकलं. त्यापायी पुढचे दोन दिवस वेगळेच गेले.

रात्री हॉटेलात ते बोंड काढून बसले. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवल्यामुळं कशालाही घड्याळ लावायची खोड आहे. एका बोंडातल्या सगळ्या बिया बोटांनी वेगळ्या करायला मला आठ मिनिटं लागली. सरकी सुटत नाही. ओढलं तर तंतू तुटतो, आणि थोडी रुई बियाला चिकटून राहतेच. नखानं खरवडलं तर बियावरचं हिरवट मखमली लव हाताला लागतं. पौंडभर रुई हवी असेल तर अशी अडीचशेच्या वर बोंडं लागणार. सरावलेल्या माणसानं दिवसभर बसून हातानं पौंडभर रुई काढावी, हा हिशेब १७९० च्या सुमाराच्या जॉर्जियात सगळ्यांना पाठ होता. कापूस पिकत होता, इंग्लंडच्या गिरण्या तो मागत होत्या, आणि मधे ही सरकी आडवी पडली होती.

आडवी पडली होती ते एका अर्थानं बरंच होतं, असं आज म्हणावंसं वाटतं. पण त्याकडं येते.

सव्हाना नदीच्या काठानं थोडं वर गेलं की मलबेरी ग्रोव्ह नावाचा मळा होता. आता तिथं वाडा उरलेला नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातले सेनापती नथॅनिएल ग्रीन यांना हा मळा बक्षीस मिळाला होता. ते स्वतः उत्तरेकडच्या ऱ्होड आयलंडचे, घराणं क्वेकर या, गुलामगिरीला विरोध करणाऱ्या, ख्रिस्ती पंथाचं. १७८६ मध्ये ते वारले आणि मळा त्यांच्या विधवा पत्नी कॅथरीन यांच्याकडं आला. १७९२ च्या शरदात तिथं येल विद्यापीठातून नुकताच बाहेर पडलेला एक तरुण येऊन राहिला. शिकवणीची नोकरी धरायला दक्षिणेत आला होता, ती काही जमली नाही. हा इलाय व्हिटनी. (शाळेत आम्ही त्याला एली म्हणायचो. जावयांनी दुरुस्त केलं.) हाताचा कसबी होता. बाईंच्या भरतकामाची चौकट त्यानं दुरुस्त करून दिली, तेव्हा त्यांनीच त्याला शेजारपाजारच्या मळेवाल्यांचं हे सरकीचं दुखणं सांगितलं, अशी गोष्ट आहे.

त्यानं केलेलं यंत्र फार सोपं होतं. लाकडी रूळ, त्यावर ओळीनं तारेचे वाकडे दात. रुळासमोर अरुंद फटींची जाळी. हातानं रूळ फिरवला की दात रुई पकडून फटीतून ओढतात, सरकी फटीत मावत नाही म्हणून अलीकडंच गळते. मागच्या बाजूला दुसरा रूळ, ब्रशांचा, उलटा फिरणारा. तो दातांवरची रुई झाडून घेतो. ब्रशाची कल्पना कॅथरीनबाईंची होती असंही सांगतात. एवढ्याशा यंत्रानं एक माणूस दिवसाला पन्नास पौंड रुई काढू लागला. १४ मार्च १७९४ रोजी त्याला पेटंट मिळालं.

लहानपणी मला वाटायचं की बाबा चालवतात तेच हे यंत्र. हिंगणघाटच्या एका जिनात बाबा फिटर होते. दिवाळी झाली की त्यांचा हंगाम सुरू व्हायचा. मी डबा घेऊन जायची. दारावर पहारेकरी सगळ्यांच्या खिशातल्या काडीपेट्या काढून ठेवायचा, आणि आत बाबांच्या भुवया, मिशा, कानातले केससुद्धा पांढरे. पुढं शिक्षिका झाल्यावर मी मोठ्या ऐटीत त्यांना व्हिटनीची गोष्ट सांगितली. बाबांनी ऐकून घेतली आणि म्हणाले, "ते करवतीचं जिन. आपलं रुळाचं. ते रुई फाडते, आपलं ओढते." त्यांचं बरोबर होतं. आपल्याकडं चालतात ती चामड्याच्या रुळाची यंत्रं. त्यांचं मूळही अमेरिकेतच, पण ते मॅकार्थी नावाच्या दुसऱ्याच माणसानं १८४० मध्ये केलेल्या जिनात. आणि त्याहीआधी, कित्येक शतकं, आपल्या बाया हाताच्या चरकीवर सरकी काढतच होत्या. अजिंठ्याच्या भिंतीवर एक बाई रूळ घेऊन हे काम करताना रंगवलेली आहे, असं अभ्यासक सांगतात. अमेरिकेतही समुद्रकाठच्या लांब धाग्याच्या, काळ्या गुळगुळीत सरकीच्या कापसाला रुळाच्या चरक्या होत्याच. आतल्या भागात, कुठल्याही माळावर येणाऱ्या हिरव्या सरकीच्या कापसाचं घोडं अडलं होतं.

तर हा व्हिटनी. ११ सप्टेंबर १७९३ ला त्यानं वडिलांना पत्र लिहिलं. मुलगा दूर देशी जाऊन काहीतरी करतोय हे वडिलांना कळावं, अशा थाटाचं पत्र. एक माणूस आणि एक घोडा मिळून जुन्या यंत्रांवरच्या पन्नास माणसांहून जास्त काम करतील, असं त्यात आहे. कष्ट पन्नास पटींनी कमी होतील, असंही आहे. आणि पुढं लगेच: आणि तेही कुठल्याच वर्गाच्या लोकांचा रोजगार न घालवता.

हे वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला. तो खोटं बोलत नव्हता. खरोखरच कुणाचं काम गेलं नाही.

पाटानं पाणी देणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. वरच्या अंगाला पाट गाळानं तुंबलेला असतो, तोवर खालच्या वाफ्यांत सगळं निवांत असतं. तो गाळ काढला की पाणी सुसाट खाली येतं आणि मग खालचे बांध सांभाळायला माणसं धावतात. व्हिटनीनं सरकीपाशी साचलेला गाळ काढला. पण त्या यंत्राच्या अलीकडं नांगरणी होती, पेरणी होती, निंदण होतं, आणि सगळ्यांत शेवटी वेचणी होती. यातलं एकही काम त्याच्या यंत्रानं केलं नाही. पूर्वी माणूस सरकी काढू शकेल तेवढाच कापूस लावायचा. आता जिन कितीही कापूस गिळायला तयार होतं. लावा हवा तेवढा. वेचायला हात आणा.

हे हात कुणाचे होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण १७९३ च्या आसपास गुलामगिरी फार वाढेल असं अनेकांना वाटत नव्हतं, हे मला या प्रवासाआधी नीट माहीत नव्हतं. तंबाखूनं जमिनी मारल्या होत्या. निळीला इंग्रज सरकार देत असलेला पैसा स्वातंत्र्यानंतर बंद झाला होता. पेनसिल्व्हेनियानं १७८० मध्येच गुलामगिरी हळूहळू संपवण्याचा कायदा केला होता. खुद्द जॉर्जियाची वसाहत १७३३ मध्ये वसली तेव्हा तिथं लवकरच गुलाम ठेवायला बंदी घालण्यात आली होती. ती १७५१ पर्यंत टिकली. हा धंदा आपोआप मरेल, आपल्याला हात घाण करायला नकोत, अशी समजूत त्या देशाच्या बऱ्याच कर्त्या पुरुषांनी करून घेतली होती. ती समजूत सोयीची होती, आणि मरू घातलेल्या गोष्टीला उगाच कोण हात लावतो? पेटंटाचा अर्ज ज्यांच्या टेबलावर आला त्या थॉमस जेफर्सनांनी तर व्हिटनीला पत्र लिहून, हे यंत्र घरच्या वापराला कसं पडेल याची चौकशी केली होती. त्यांच्याही घरी सरकी काढायचा त्रास होताच. काढणारे कोण होते ते पत्रात नाही.

पुढचे आकडे एका दमात सांगते. १७९० मध्ये त्या देशात कापसाच्या तीनेक हजार गाठी होत होत्या. १८६० मध्ये चाळीस लाखांच्या घरात. १७९० च्या शिरगणतीत सुमारे सात लाख माणसं गुलाम होती, १८६० मध्ये साडेएकोणचाळीस लाख. १८०८ पासून आफ्रिकेतून नवे गुलाम आणायला कायद्यानं बंदी होती, तरी हे. मग माणसं आली कुठून? व्हर्जिनिया, मेरीलंड अशा जुन्या राज्यांतून. तिथं तंबाखू संपला होता आणि माणसं 'जास्त' झाली होती. साधारण दहा लाख माणसं सत्तर वर्षांत अशी दक्षिणेकडं, पश्चिमेकडं हलवली गेली. साखळीत बांधून पायी, किंवा बोटीतून. ज्या जमिनीवर त्यांना नेलं ती जमीनही रिकामी नव्हती. तिथून चेरोकी, क्रीक, चॉक्टॉ लोकांना १८३० च्या कायद्यानं हाकललं. चेरोकींतले सुमारे चार हजार त्या वाटेवर आणि छावण्यांत मेले. म्हणजे एका बाजूनं माणसं हाकलायची आणि दुसऱ्या बाजूनं माणसं हाकत आणायची, मधे कापूस.

आकड्यांनी मला काही होत नाही. इतकी वर्षं तक्ते शिकवून मन निबर झालं असेल. मला धरलं ते एका काट्यानं.

सॉलोमन नॉर्थप हा न्यूयॉर्क राज्यातला स्वतंत्र काळा माणूस, व्हायोलिन वाजवायचा. १८४१ मध्ये कामाची लालूच दाखवून त्याला वॉशिंग्टनला नेलं आणि विकलं. बारा वर्षं तो लुइझियानात होता. सुटल्यावर त्यानं सगळं सांगितलं. त्यात वेचणीचं वर्णन इतकं बारकाईनं आहे की वाचताना बोटं दुखतात. नव्या माणसाला पहिल्या दिवशी चाबकाच्या धाकानं जमेल तितक्या वेगानं वेचायला लावायचं. संध्याकाळी तो कापूस तोलायचा. तो आकडा त्याच्या नावावर लागला. आता रोज तेवढा व्हायलाच हवा. साधारण माप दोनशे पौंड. अंधार पडल्यावर टोपल्या जिनघरात नेऊन काट्यावर ठेवायच्या. माणूस कितीही दमलेला असो, नॉर्थप म्हणतो, टोपली घेऊन जिनघराकडं जाताना भीतीशिवाय कुणी जात नाही. कमी भरलं तर चाबूक. आणि दहा-वीस पौंड जास्त भरलं तर? तर उद्याचं माप तेवढ्यानं वाढलं.

दोनशे पौंड म्हणजे नव्वद किलो. आमच्या शेतावर चाळीस-पन्नास किलो वेचणारी म्हणजे हात चालणारी बाई समजतात.

काटा झाला की काम संपत नव्हतं. खेचरांना, डुकरांना चारा घालायचा, लाकडं फोडायची, मग घरी जाऊन जात्यावर मका दळायचा आणि त्याची भाकर करायची. पहाटे उजाडायच्या तासभर आधी पुन्हा शिंग वाजायचं.

इतिहासकारांत एक वाद चालू आहे. १८०० ते १८६० या काळात एका माणसाची दिवसाची वेचणी जवळजवळ चौपट झाली. ही चौपट आली कशातून? काही म्हणतात मेक्सिकोतून आलेल्या बियाण्यातून. त्याची बोंडं मोठी, पूर्ण उमललेली, एका चिमटीत सगळा कापूस हाती येणारी. काही म्हणतात चाबूक आणि रोजच्या हिशेबाच्या वहीतून. पहिल्या गटाचं गणित पक्कं आहे, हे मान्य. बी बदललं की वेचणी किती बदलते ते मी भावाच्या शेतात पाहिलं आहे. पण वाढलेल्या बोंडाचा सगळा फायदा त्या वहीनं गिळला, आणि वेचणाऱ्याला संध्याकाळी पाच मिनिटं लवकर सोडलं असं कुठंच वाचायला मिळत नाही. एवढ्यावर माझं समाधान झालं.

दुसऱ्या दिवशी सव्हाना पाहिलं. सुंदर गाव आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. ओकच्या झाडांवरून करडं शेवाळ लोंबतं, प्रत्येक दोन गल्ल्यांनंतर एक चौक, बाक, सावली. नदीकाठी कापसाच्या दलालांच्या जुन्या वखारी आहेत. आता तिथं गोळ्या-चॉकलेटं आणि चुंबक विकतात. वर लाल विटांची कॉटन एक्स्चेंजची इमारत. तिच्यासमोरून जाताना मला खामगाव आठवलं, पण त्याचं पुढं बघू.

आम्ही शोधत होतो ती जागा शहराच्या पश्चिमेला होती. तिथं काही नाही. एक लहानसा बगीचा आणि एक फलक. पूर्वी इथं जवळच घोड्यांच्या शर्यतीचं मैदान होतं. २ आणि ३ मार्च १८५९ असे दोन दिवस त्या मैदानात लिलाव झाला. पिअर्स बटलर नावाच्या मळेवाल्याला कर्ज झालं होतं, सट्ट्याचं आणि जुगाराचं. त्यानं आपल्या भाताच्या आणि कापसाच्या मळ्यांवरची माणसं विकायला काढली. यादीत नावं ४३६. आधी काही दिवस त्यांना घोड्यांच्या तबेल्यांत ठेवलं होतं, गिऱ्हाइकांना दात आणि दंड तपासून बघता यावेत म्हणून. दोन्ही दिवस पाऊस कोसळत होता. त्या विक्रीतून ३,०३,८५० डॉलर आले. काळ्या लोकांच्या बोलण्यात त्या दिवसांना रडण्याची वेळ असं नाव पडलं, आणि पावसासकट ते नाव राहिलं.

न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राचा बातमीदार गिऱ्हाईक असल्याचं सोंग करून तिथं गेला होता, म्हणून हे इतकं तपशिलात कळतं. लेकीनं फोनवर ती जुनी बातमी काढून मला थोडी वाचून दाखवली आणि मधेच थांबली. मीही वाच म्हटलं नाही. आम्ही बाकावर बसलो होतो. समोर एक बाई कुत्र्याला फिरवत होती.

व्हिटनीला यातलं काय मिळालं? फार काही नाही. त्याचं यंत्र कुठल्याही खेड्यातल्या लोहारानं बघून करण्याइतकं सोपं होतं, आणि लोहारांनी तेच केलं. त्यानं आणि त्याचा भागीदार मिलर यानं, यंत्र विकायचं नाही, आपणच कापूस काढून द्यायचा आणि पाचातले दोन हिस्से घ्यायचे, असा बेत केला होता. आमच्याकडच्या शेतकऱ्यानंही हा बेत चालू दिला नसता. न्यायालयात धडपणे निकाल लागेपर्यंत १८०७ उजाडलं आणि पेटंटाची मुदतच संपली. तोवर तो उत्तरेत जाऊन सरकारसाठी बंदुका बनवू लागला होता.

पण पेटंटाचीच गोष्ट निघाली तर मला व्हिटनीपेक्षा नेड आठवतो. मिसिसिपीतला लोहार, ऑस्कर स्टुअर्ट नावाच्या वकील-मळेवाल्याच्या मालकीचा. नेडनं कापसाच्या तासांतलं गवत खरवडायचं एक अवजार केलं. एकाच फेरीत दुप्पट काम करणारं. स्टुअर्टनं १८५७ मध्ये पेटंट मागितलं, स्वतःच्या नावे, कारण गुलामाच्या हातचं ते मालकाचं. पेटंट कार्यालय अडलं. शोध लावणारा मालक नाही, आणि ज्यानं लावला तो नागरिक नाही, शपथ घेऊ शकत नाही. १८५८ मध्ये देशाच्या सर्वोच्च कायदा अधिकाऱ्यानं सांगून टाकलं की गुलामानं केलेल्या यंत्राला पेटंट मिळू शकत नाही. ना त्याच्या नावे, ना मालकाच्या. स्टुअर्टनं अवजार विकलंच. जाहिरातीत एका मळेवाल्याचं पत्र छापलं होतं. त्याचा मथितार्थ असा, की हे यंत्र एका काळ्या गुलामाचं डोकं आहे, म्हणजे गुलामगिरीनं माणसाची बुद्धी खुंटते हा बोभाटा खोटा ठरला. बुद्धी आहे एवढं कबूल करायचं आणि त्याच बुद्धीच्या जिवावर माणसाला बांधून ठेवायला पुरावा गोळा करायचा. मी पुष्कळ हुशार युक्तिवाद ऐकले आहेत, शाळेच्या संस्थाचालकांचेसुद्धा, पण हा वेगळाच.

त्याच वर्षी दक्षिणेतले सेनेटर हॅमंड यांनी भर सभागृहात सांगितलं की कापसाशी युद्ध करायची जगात कुणाची छाती नाही, कापूस राजा आहे. तीन वर्षांनी उत्तर आणि दक्षिण यांच्यात तोफा सुटल्या.

युद्धाचं सांगत नाही, ते सगळीकडं वाचायला मिळतं. एक तार मात्र सांगते. डिसेंबर १८६४ मध्ये उत्तरेचा जनरल शर्मन सव्हानात शिरला आणि त्यानं लिंकनना कळवलं, नाताळची भेट म्हणून हे शहर देतो आहे, त्यासोबत दीडशे तोफा, भरपूर दारूगोळा आणि कापसाच्या सुमारे पंचवीस हजार गाठी. शहर, तोफा आणि गाठी. त्या शहरातल्या हजारो काळ्या माणसांचा तारेत उल्लेख नाही.

पण तीन आठवड्यांनी शर्मनलाच त्यातल्या वीस जणांची भेट घ्यावी लागली. १२ जानेवारी १८६५ ची रात्र. शर्मन ज्या घरात उतरला होता ते चार्ल्स ग्रीन नावाच्या इंग्रज कापूस-व्यापाऱ्याचं. ते आता बघता येतं, आम्ही पाहिलं. जिना, आरसे, लोखंडी नक्षीचे सज्जे, सगळं कापसाच्या पैशाचं. त्या घरात काळ्या समाजातले वीस धर्मोपदेशक बसले आणि त्यांच्या वतीनं गॅरिसन फ्रेझर बोलले. वय ६७. आठ वर्षांपूर्वी त्यांनी हजार डॉलर मोजून स्वतःची आणि बायकोची सुटका विकत घेतली होती. त्यांना विचारलं, तुमचं तुम्ही कसं भागवाल? ते म्हणाले, आम्हाला जमीन द्या, ती आम्ही आमच्या कष्टानं कसू.

चार दिवसांनी शर्मननं हुकूम काढला. समुद्रकाठची जमीन, कुटुंबामागं चाळीस एकरांपर्यंत. वर्ष संपायच्या आत नव्या राष्ट्राध्यक्षांनी बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत देऊन टाकली. डिसेंबर १८६५ मध्ये गुलामगिरी घटनेतून गेली. माणूस सुटला, जमीन नाही सुटली. पुढं जे आलं त्याला विदर्भात शब्द शोधावा लागत नाही: बटई. बी मालकाचं, खेचर मालकाचं, दुकान मालकाचं, वही मालकाची. हंगाम संपला की हिशेब व्हायचा आणि आपल्याकडंच देणं निघायचं.

मी त्या आरशांच्या दालनात उभी होते आणि मला हिंगणघाटचं जिन आठवत होतं, याला कारण आहे. युद्धात अमेरिकेची बंदरं अडली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या, आणि इंग्रजांना एकाएकी विदर्भ दिसला. हिंगणघाटचा कापूस, अमरावतीचा कापूस, खामगावचा बाजार. जोंधळ्याच्या वावरात कापूस आला. मुंबईत पैशाचा पाऊस पडला आणि १८६५ मध्ये तिकडं युद्ध थांबताच भाव कोसळून पेढ्या बुडाल्या. पण रेल्वे काही मागं फिरली नाही. १८६७ मध्ये ती नागपूरला पोचली, १८७० मध्ये खामगावला. बाबा ज्या जिनात रूळ बसवायचे ते जिन त्या रेल्वेमागं आलेलं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं, हे आपण शाळेत सांगतो. तो मजकूर मी दरवर्षी मुलांकडून मोठ्यानं वाचून घ्यायची. त्याच युद्धाचा भाव आमच्या आजोबा-पणजोबांच्या धुऱ्यापर्यंत येऊन गेला होता, हे सांगायचं मात्र मला कधी सुचलं नाही. अभ्यासक्रमात ते दोन वेगळ्या विषयांत होतं.

परतीच्या वाटेवर पुन्हा ती शेतं लागली. या वेळी एका शेतात यंत्र चालू होतं. हिरवं धूड, कापसाच्या सहा ओळी एकदम तोंडात घेणारं, वर काचेच्या खोलीत एक माणूस. पहिल्यांदा असं शेत संपूर्ण यंत्रानं निघालं ते १९४४ मध्ये, मिसिसिपीत क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन मळ्यावर. मालकानं हिशेब मांडला होता: हातानं वेचली तर गाठीमागं ३९ डॉलर ४१ सेंट, यंत्रानं वेचली तर ५ डॉलर २६ सेंट. एक यंत्र पन्नास माणसांचं काम करतं म्हणे. पुन्हा पन्नास. सरकी काढणारं यंत्र आलं १७९३ मध्ये आणि वेचणारं यायला दीडशे वर्षं लागली. ती दीडशे वर्षं हातांनी भरून काढली.

या दुसऱ्या यंत्राबद्दल मात्र कुणी वडिलांना असं पत्र लिहू शकला नसता. लोक आधीपासूनच उत्तरेकडं निघाले होते, आता राहायला कारणच उरलं नाही. शिकागो, डेट्रॉईट, न्यूयॉर्क. १९१० ते १९७० मध्ये साठेक लाख माणसं दक्षिण सोडून गेली. पहिल्या दिवशी मी लेकीला विचारलेल्या खुळचट प्रश्नाचं निम्मं उत्तर हे.

डिसेंबरात मी परतले. दुसऱ्या वेचणीला भावाच्या शेतावर गेले होते. संध्याकाळी बाभळीला काटा टांगलेला, भाऊ वही घेऊन बसलेला. बाया ओळीनं गाठोडी आणत होत्या. त्यातली एक, आमच्याकडं वीस वर्षं येणारी, काट्याकडं बघत नाही. भाऊ आकडा बोलायच्या आधी तीच बोलते आणि किलो-अर्ध्या किलोच्या आत बरोबर येते. बोटांची टोकं चिरलेली, त्यावर तिनं चिकटपट्टी गुंडाळली होती.

मी अमेरिकेहून आले हे तिला कळलं होतं.

"तिकडं कापूस होते म्हणे?"

"होतो ना. लई होतो."

"वेचाई काय देते मंग किलोले?"

"तिकडं हातानं नाही वेचत गं. यंत्र वेचते."

तिनं गाठोड्याची गाठ सोडली, कापूस ढिगावर ओतला, फडकं झटकलं. त्यातून थोडा पाला आणि दोन-तीन सरक्या खाली पडल्या.

"मंग तिकडच्या बाया कुठं जाते कामाले?"

भावानं वहीतून मान वर केली. मी शिकागो म्हणणार होते. तिच्यामागं चार बाया आपापली गाठोडी घेऊन उभ्या होत्या, आणि त्याही ऐकत होत्या.